त्या प्रेक्षकाला आता सोडा: शिकागोतील मराठी कब्स-चाहत्यांना खुले पत्र

शिकागो आणि परिसरातील, कब्स या आपल्या बेसबॉल संघाच्या सर्व मराठी चाहत्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळींच्या एका मेळाव्यात हॅलोविनच्या निमित्ताने मुलांची वेशभूषा स्पर्धा झाली आणि तिच्यात पहिले बक्षीस ज्या वेशाला देण्यात आले, त्याबद्दल मला जाहीरपणे काही सांगायचे आहे. बक्षीस मिळवणारा मुलगा दहाएक वर्षांचा असेल. डोक्यावर कब्सची निळी टोपी, अंगात हिरवा गळाबंद शर्ट, कानांवर माळ्यावरून काढलेले जुने वायरचे हेडफोन आणि हातात दोरा बांधलेला चेंडू, असा त्याचा थाट होता. चेंडू वर उडवायचा, झेलायला दोन्ही हात पुढे करायचे आणि तो निसटू द्यायचा, एवढेच त्याला शिकवलेले होते. तू कोण, असे सूत्रसंचालकांनी विचारल्यावर त्याने एका माणसाचे नाव सांगितले आणि पाठ केल्यासारखे पुढे म्हटले, "याच्यामुळे आपण वर्ल्ड सिरीज हरलो." (वर्ल्ड सिरीज म्हणजे बेसबॉलच्या हंगामाची अंतिम लढत.) सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. नंतरच्या प्रश्नमंजूषेत "कब्सचा सर्वांत मोठा खलनायक कोण?" असा प्रश्न होता, आणि त्याचेही उत्तर तेच नाव होते.

मुलाचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच स्पष्ट करते. तो ज्या सामन्याचे सोंग आणून उभा होता, तो त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी होऊन गेला. त्याला ते वाक्य ज्यांनी शिकवले आणि ज्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या, त्या मोठ्या माणसांसाठी हे पत्र आहे. आयोजकांशी मी त्याच संध्याकाळी बोलले. "अहो, गंमत आहे, मनाला लावून घेऊ नका," असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे चारचौघांत लिहीत आहे.

ज्या गृहस्थांचे ते सोंग होते, त्यांचे नाव मी या पत्रात कुठेही घेणार नाही. ते तुम्हा सर्वांना पाठ आहे, हीच माझी तक्रार आहे. १४ ऑक्टोबर २००३ पूर्वी ते कोणालाही ठाऊक नव्हते, आणि कोणाला ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. ते तिकीट काढून सामना पाहायला आलेले एक प्रेक्षक होते. त्या दिवशी एका चेंडूला त्यांचा हात लागला, कब्सच्या खेळाडूला तो झेलता आला नाही आणि पुढे कब्स हरले, एवढेच घडले.

माझा या गोष्टीशी काय संबंध, असे कोणी विचारील म्हणून सांगते. मी १९९८ च्या उन्हाळ्यात नाशिकहून इथे आले. त्या उन्हाळ्यात कब्सचा सॅमी सोसा आणि सेंट लुइसचा मार्क मॅग्वायर यांच्यात होम रनची (क्रिकेटच्या षटकारासारख्या फटक्यांची) चढाओढ लागली होती. त्या चढाओढीबद्दल पुढे जे काय बाहेर आले ते आले, पण नव्या देशात शेजाऱ्यांशी बोलायला विषय मला तिनेच दिला आणि बेसबॉलही तिनेच शिकवला. तेव्हापासून मी कब्सची आहे. काही वर्षांनी माझे वडील इथे आले असताना आम्ही त्यांना कब्सच्या रिग्ली फील्ड या मैदानावर नेले. आमच्या जागा तिसऱ्या बेसच्या अंगाला होत्या. एक फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारा, चेंडू उंच उडून आमच्या दिशेने आला, तेव्हा उमेदीची सगळी वर्षे नाशिकच्या मैदानांवर स्लिपमध्ये उभे राहिलेले माझे वडील, सत्तरीला टेकलेले असूनही, ताडकन उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. चेंडू तळहाताला लागून मागच्या रांगेत गेला. आजूबाजूच्या लोकांनी त्यांची पाठ थोपटली. एकाने बिअर पुढे केली, ती त्यांनी आज चतुर्थी आहे म्हणून नाकारली. लाल झालेला तळहात मात्र घरी येईल त्याला त्यांनी दाखवला.

माझ्या वडिलांनी जे केले आणि त्या गृहस्थांनी २००३ मध्ये जे केले, त्यात हातांच्या हालचालीचा काहीही फरक नव्हता. फरक होता तो पुढच्या अर्ध्या तासात मैदानावर काय घडले याचा. ते मात्र दोघांच्याही हातात नव्हते. म्हणून तुम्ही त्या माणसाला हसता, तेव्हा मला माझे वडील दिसतात, आणि खरे तर तुम्हाला तुमचे दिसायला हवेत.

आता २००३ च्या त्या सामन्यातल्या आठव्या इनिंगबद्दल. बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आपापले तीन आउट होईपर्यंत बॅटिंग करतात. आपल्यापैकी बहुतेकांनी तिच्यातले मोजके काही सेकंद शंभर वेळा पाहिलेले आहेत आणि उरलेली इनिंग एकदाही पाहिलेली नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून थोडा वेळ घेऊन ती सांगते.

तो सामना वर्ल्ड सिरीजचा नव्हता. तो बेसबॉलच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना होता. सातपैकी चार सामने जिंकणाऱ्याला पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये जायचे होते आणि फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध कब्स ३-२ असे पुढे होते. त्याआधी ते ३-१ असे पुढे होते, पण पाचव्या सामन्यात फ्लोरिडाच्या जॉश बेकेटने त्यांना एकही रन करू दिला नव्हता, हेही लक्षात असू द्या. सहाव्या सामन्यात सात इनिंगनंतर कब्सकडे ३-० अशी आघाडी होती आणि त्यांचा पिचर, म्हणजे गोलंदाज, मार्क प्रायर उत्तम पिचिंग करत होता. आठव्या इनिंगमध्ये पहिला बॅटर आउट झाला. १९४५ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज गाठायला आणखी फक्त पाच आउट हवे होते. मग फ्लोरिडाच्या हुआन पिएरने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारून दुसरा बेस गाठला. चारही बेस फिरून आले की एक रन होतो. लुइस कास्तियो बॅटिंगला आला आणि त्याने डाव्या बाजूच्या रेषेलगत एक उंच फाउल मारला.

क्रिकेटवर वाढलेल्या मंडळींना एवढेच सांगायचे की, फाउल चेंडू रेषेबाहेर गेला तरी तो झेलता आला तर बॅटर आउट होतो. लेफ्ट फिल्डर मोइसेस अलू धावत भिंतीपाशी आला आणि त्याने उडी घेऊन हात वर नेला. त्याच वेळी भिंतीला लागून बसलेल्या अनेकांनी हात पुढे केले होते. चेंडू त्यांच्यापैकी एकाच्या हाताला लागला. अलूने हातमोजा आपटला, आरडाओरडा केला. प्रेक्षकाने अडथळा आणला, असा दावा कब्सने केला. डाव्या बाजूचे पंच माइक एव्हरिट यांनी तो फेटाळला, कारण चेंडू भिंतीची रेषा ओलांडून प्रेक्षकांच्या बाजूला आलेला होता. नियमही तसाच आहे: प्रेक्षकाने मैदानाच्या हद्दीत हात घातला तर तो अडथळा होतो, पण प्रेक्षकांच्या हद्दीत हात घालणारा खेळाडू स्वतःच्या जोखमीवर घालतो. तिथे चेंडू झेलायचा हक्क जितका अलूचा होता तितकाच तिकीट काढून बसलेल्या माणसाचाही होता. तो झेल आपण घेतलाच असता का, याबद्दल खुद्द अलूच्या तोंडी पुढच्या वर्षांत दोन्ही प्रकारची विधाने छापून आली आहेत.

पण झेल घेतलाच असता असे धरून चालू. पुढे काय घडले ते पाहा. प्रायरने कास्तियोला वॉक दिला (चार चुकीचे चेंडू पडले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो) आणि त्यातला चौथा बॉल वाइल्ड पिच, म्हणजे झेलणाऱ्याच्या हाती न लागणारा, होता, त्यामुळे पिएर तिसऱ्या बेसवर पोचला. इव्हान रॉड्रिगेझला दोन स्ट्राइक झालेल्या असताना (तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर आउट होतो) त्याने एका बेसचा फटका, सिंगल, मारला आणि पिएरने रन पूर्ण केला, ३-१. मग वीस वर्षांच्या मिगेल काब्रेराने शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) एक साधा घरंगळता चेंडू मारला. तो उचलून दुसऱ्या बेसकडे दिला असता तर डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट, होऊन इनिंग तिथेच संपली असती, आघाडी ३-१ अशी राहिली असती आणि त्या प्रेक्षकाचे नाव आज त्याच्या शेजाऱ्यांपलीकडे कोणाला माहीत नसते. ॲलेक्स गोन्झालेझ हा कब्सचा भरवशाचा शॉर्टस्टॉप. त्याच्या हातमोज्यातून चेंडू निसटला. एकही आउट मिळाला नाही आणि तिन्ही बेसवर फ्लोरिडाचे खेळाडू उभे राहिले.

त्यानंतर डेरेक लीने डबल मारून ३-३ अशी बरोबरी केली. तेव्हा कुठे कब्सचे मॅनेजर डस्टी बेकर यांनी प्रायरला बाहेर काढले. तोवर त्याने ११९ पिचेस टाकलेले होते. त्याच्या जागी काइल फार्न्सवर्थ पिचिंगला आला. माइक लोवेलला मुद्दाम वॉक देण्यात आला, जेफ कोनाइनच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (स्वतः झेलबाद होऊन रन मिळवून देणाऱ्या फटक्यावर) फ्लोरिडा पुढे गेला, आणखी एक मुद्दाम वॉक, आणि मग माइक मॉर्डेकायने तीन रन आणणारा डबल मारला. इनिंगचा पहिला आउट झालेला बॅटर हाच होता. कब्सना ती इनिंग संपवायला इतका वेळ लागला की फ्लोरिडाच्या बॅटरांची पूर्ण रांग फिरून तो पुन्हा बॅटिंगला आला. शेवटी पिएरच्या सिंगलवर आठवा रन आला. धावफलक ८-३. त्यानंतर कब्सना स्वतःच्या सहा आउटची बॅटिंग शिल्लक होती आणि त्यांना एकही रन करता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सातवा सामना होता. तो लोक सोयीस्करपणे विसरतात. त्यात केरी वुड पिचिंगला होता. काब्रेराने पहिल्याच इनिंगमध्ये तीन रनचा होम रन मारला. वुडने स्वतः होम रन मारून बरोबरी साधली, अलूच्या होम रनने कब्स ५-३ असे पुढेही गेले, आणि शेवटी ९-६ असे हरले. त्या रात्रीच्या पराभवाचे खापर फोडायला कोणी प्रेक्षकही नव्हता.

पिचर थकला, शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू सुटला, मॅनेजरने वेळेवर बदल केला नाही, राखीव पिचर निष्प्रभ ठरले, बॅटर गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशीचा सामनाही हातचा गेला. यांच्यापैकी कोणाच्या घराबाहेर पोलीस उभे करावे लागले नाहीत. ज्याला खेळाचा पगार मिळत नव्हता, ज्याने उलट खेळ पाहायला पैसे भरले होते, त्याच्या घराबाहेर मात्र करावे लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझ्या लेखी तर इथे चोरही कोणी नव्हता, कारण झेल सुटणे आणि सामना हरणे हा गुन्हा नाही.

त्याच आठवड्यात, दोनच दिवसांनी, बोस्टनचीही अशीच कथा झाली. दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध सातव्या सामन्यात बोस्टन आठव्या इनिंगमध्ये ५-२ असे पुढे होते. मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला पिचिंगवर ठेवले, बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमधल्या होम रनवर बोस्टन हरले. तिथला सगळा राग मॅनेजरवर निघाला आणि लिटल यांची नोकरी गेली. तेही कठोरच झाले, पण निदान निर्णय घेणारा माणूस जबाबदार धरला गेला. आपल्याकडे बेकर २००६ पर्यंत मॅनेजर होते, आणि शिक्षा भिंतीलगत बसलेल्या माणसाला झाली.

ती शिक्षा काय होती, हे सभागृहात हसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? रिग्ली फील्डवर तेव्हा व्हिडिओचा मोठा पडदा नव्हता. नेमके काय झाले हे स्टँडमधल्या बहुतेकांनी पाहिलेही नव्हते. टीव्हीवर तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवला जात होता, घरच्यांचे फोन येत होते, काही जणांकडे छोटे टीव्ही होते, आणि अशा रीतीने कोणाकडे बोट दाखवायचे ते बाहेरून आत पोचले. मग शिव्या सुरू झाल्या, अंगावर बिअर आणि खाद्यपदार्थ फेकले गेले. शेवटी सुरक्षारक्षकांनी कपड्याने चेहरा झाकून त्यांना बाहेर नेले. शहरातल्या एका वृत्तपत्राने त्यांचे नाव छापले आणि ते कुठे राहतात हेही लोकांना कळले. इलिनॉयचे तेव्हाचे गव्हर्नर रॉड ब्लॅगोयेविच यांनी या माणसाने आता साक्षीदार संरक्षण योजनेत जावे अशी कोटी केली, आणि फ्लोरिडाचे गव्हर्नर जेब बुश यांनी त्यांना आश्रय देऊ केला. (याच ब्लॅगोयेविच यांना २००९ मध्ये महाभियोग चालवून पदावरून काढण्यात आले आणि पुढे भ्रष्टाचारासाठी ते तुरुंगात गेले. त्यांचा वेश करून मेळाव्यात कोणी आल्याचे मला आठवत नाही.)

त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी निवेदन काढून माफी मागितली. आपली नजर सतत चेंडूवर होती, अलू आपल्याला दिसलाच नाही, असे त्यांनी त्यात सांगितले होते. माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली, असा युक्तिवाद मी आपल्या मंडळींकडून ऐकलेला आहे. घराबाहेर जमाव असताना मागितलेल्या माफीला कबुली समजणे हा कुठला न्याय? खुद्द क्लबनेही तेव्हाच जाहीर केले होते की सामन्यांचा निकाल मैदानावर लागतो, प्रेक्षकांत लागत नाही, आणि एका चाहत्याला जबाबदार धरणे चुकीचे व अन्यायाचे आहे. क्लबचे हे म्हणणे प्रश्नमंजूषेत कधी विचारले गेले नाही.

आणि तो चेंडू. तो एका उपाहारगृहाच्या वतीने लिलावात १,१३,८२४ डॉलर देऊन विकत घेण्यात आला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये समारंभपूर्वक, कॅमेऱ्यांसमोर, स्फोटाने उडवण्यात आला. पुढच्या वर्षी त्याचे अवशेष उकळून ती वाफ पास्त्याच्या सॉसमध्ये वापरण्यात आली. हे मी रचून सांगत नाही. शिकलेल्या, शहाण्या माणसांच्या शहराने एका पराभवाचे असे विधी केले, आणि आपण मराठी माणसे नारळ उतरवून टाकणाऱ्या आजीला अडाणी म्हणतो. त्या काळात फ्लोरिडातून त्या गृहस्थांना भेटी पाठवल्या जात होत्या. त्यांनी त्या मधुमेहावर काम करणाऱ्या संस्थेला द्यायला सांगितल्या. मुलाखतींचे आणि जाहिरातींचे पैसे त्यांनी नाकारले. या सगळ्या प्रकरणात ज्याने एक पैसाही कमावला नाही असा माणूस बहुधा तोच एक.

कब्सची ही खोड जुनी आहे, हे मान्य. १९४५ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या सामन्याला एका गुत्तेवाल्याने आपला बोकड आणला, त्याला बाहेर काढले, आणि त्याच्या शापामुळे संघ हरतो असे पुढे लोक म्हणत राहिले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खेळाडूंच्या बाकापुढून काळी मांजर फिरली, तर तिच्यावर खापर फोडले. बोकड झाला, मांजर झाली. त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नाही आणि त्यांना नोकरीवरही जायचे नसते, तेव्हा त्या गोष्टी हसण्यावारी नेता येतात. तिसऱ्या वेळी त्यांच्या पंगतीत माणूस बसवला, आणि त्याचे आपल्याला काही वाटले नाही.

आपण भारतीयांनी तरी हे करू नये, असे मला वाटण्याचे आणखी एक कारण आहे. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत ८ बाद १२० असा कोसळला, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसनांना आगी लावल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. रडत मैदानाबाहेर पडणारा विनोद कांबळी आपल्यापैकी ज्यांचे वय आहे त्या सर्वांना आठवतो. तिथे प्रेक्षकांनी खरोखरच खेळ बंद पाडला होता, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव आज कोणाला सांगता येणार नाही. गर्दीने केले तर ते विसरायचे आणि एकट्याने केले तर नातवंडांपर्यंत पोचवायचे, हा हिशेब मला कळलेला नाही.

न्यूयॉर्कमध्ये तर उलटाच न्याय झाला होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाने भिंतीवरून हात पुढे काढून बाल्टिमोरविरुद्ध खेळणाऱ्या यांकीजच्या डेरेक जीटरने मारलेला चेंडू ओढून घेतला, पंचांनी होम रन दिला, आणि ती चूक होती हे पंचांनी पुढे मान्य केले. बाल्टिमोर हरले. तो मुलगा न्यूयॉर्कमध्ये नायक ठरला. म्हणजे प्रश्न नियमाचा कधी नव्हताच, आपला संघ जिंकला की हरला एवढाच होता.

२०१६ मध्ये कब्सनी क्लीव्हलंडला सातव्या सामन्यात दहा इनिंगमध्ये ८-७ असे हरवून १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. ३१ जुलै २०१७ रोजी क्लबचे मालक रिकेट्स कुटुंबीय यांनी त्या गृहस्थांना विजेतेपदाची अंगठी दिली. "अंगठी मिळाली, विषय संपला, आता नुसती मजा उरली," असे आयोजकांपैकी एकांनी मला सांगितले. त्यांनी अंगठीसोबतचे निवेदन वाचलेले नसावे. आपण या सन्मानाला पात्र नाही असे वाटत असल्याचे सांगून त्या गृहस्थांनी त्यात विनंती केली होती की खेळाकडे करमणूक म्हणून पाहावे, कोणा एकाला बळीचा बकरा करू नये, आणि माध्यमांनी व संधी साधणाऱ्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी कोणाच्या खासगी आयुष्याचा वापर करू नये. २०१७ पर्यंत अज्ञानाची सबब चालली असती. त्यानंतर हेडफोन घातलेले सोंग काढणे म्हणजे ज्याने हात जोडून सांगितले, त्याच्या तोंडावर हसणे आहे.

हा विषय जुना झाला, असे मात्र समजू नका. २००३ मध्ये यूट्यूब नव्हते आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता, तरी एवढे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये मायामीत फिलाडेल्फियाच्या सामन्यात एका बाईने एका वडिलांकडून होम रनचा चेंडू मागून घेतला, त्याची चित्रफीत पसरली आणि लोकांनी इंटरनेटवर भलत्याच बायकांची नावे जाहीर केली. न्यू जर्सीतल्या एका शाळाखात्याला ती बाई आमची कर्मचारी नाही, असा खुलासा करावा लागला. त्या बाईचे वागणे शोभणारे नव्हते, हे मी कबूल करते. पण ज्यांचा त्या चेंडूशी, त्या सामन्याशी, किंबहुना बेसबॉलशीही संबंध नव्हता, त्यांना शिव्या खाव्या लागल्या. ती चित्रफीत आपल्याही कित्येकांनी "हिला शोधून काढा" असे लिहून पुढे पाठवली होती.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या मी कोणालाही अपमानित न करता मांडत आहे.

आपल्या कोणत्याही मेळाव्यात, स्पर्धेत किंवा नाटुकल्यात त्या गृहस्थांचे सोंग काढू नये व ते काढले गेल्यास त्याला बक्षीस देऊ नये. प्रश्नमंजूषेतला तो प्रश्न कायमचा काढून टाकावा. १४ ऑक्टोबर २००३ वरच प्रश्न हवा असेल तर आठव्या इनिंगमध्ये डबल प्ले कोणाच्या हातून हुकला, असे विचारावे, आणि तेही गोन्झालेझची चेष्टा न करता.

ज्या पालकांनी मुलांना ते वाक्य शिकवले, त्यांनी त्याच मुलांना शेजारी बसवून ती इनिंग पहिल्या बॅटरपासून शेवटच्या आउटपर्यंत दाखवावी आणि नंतर सातवा सामनाही दाखवावा. मुले हुशार आहेत. कोणामुळे हरलो, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्या ऑक्टोबर आला की तो क्षण दाखवतात, आणि बहुतेक वेळा तो झेलापाशी सुरू होऊन झेलापाशीच संपतो. दाखवायचाच असेल तर त्या माणसाचा चेहरा आणि नाव वगळून, पुढच्या हुकलेल्या डबल प्लेसकट दाखवावा, अशी लेखी मागणी आपण सर्वांनी मिळून इंग्रजीत करावी. मसुदा मी तयार करून देईन. सह्या तुमच्या हव्यात.

शेवटची मागणी तरुण मंडळींकडे. मैदानात शेजारी बसलेल्या माणसाने झेल सोडला, चेंडू हिसकावला, भांडण केले, काहीही केले, तरी त्याचा चेहरा टिपून गटांत टाकू नये आणि कोणी टाकला तर पुढे पाठवू नये. कोणी खरोखर खेळात अडथळा आणला तर त्याला बाहेर काढायला पंच आणि सुरक्षारक्षक आहेत. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर लॉस एंजेलिसच्या मूकी बेट्सच्या हातमोज्याला हात घालणाऱ्यांना त्यांनी बाहेर काढले.

नवा हंगाम मार्चअखेरीस सुरू होईल. त्याआधी कार्यकारिणीची जी बैठक होईल तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि निर्णय सभासदांना लेखी कळवावा. मी बैठकीला हजर राहीन आणि आठव्या इनिंगचे संपूर्ण चित्रीकरण सोबत आणीन. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही, त्यांनीही जरूर यावे.

कळावे,

आपली,
शिकागोच्या वायव्य उपनगरातील एक कब्स-चाहती